भट्टीच्या तोंडाशी बसलेला माणूस

पावाच्या भट्टीत शिरायचं तर आधी उजवा हात आत घालायचा, मग डोकं, मग अंग तिरकं करून डावा खांदा. कंबर आत गेली की बाकीचं माणूस आपोआप जातं. बाहेर येताना मात्र पाय आधी. भट्टीचं तोंड कमरेइतकं उंच असतं, डोकं आधी काढलं तर माणूस खाली आपटतं. हे मला कोणी शिकवलं नाही. एकदा आपटले, मग कळलं.

दिवाळी अंकवाले घरी आले आणि म्हणाले, तुमच्या कामाबद्दल लिहा, असं काम करणारी दुसरी बाई आम्हाला सापडली नाही. सापडणार कुठून? मलाही कधी सापडली नाही. माझं शिक्षण चौथीपर्यंत. ऱ्हस्व-दीर्घ त्यांनी बघावं, भट्टीचं मी सांगते.

बेकरीची भट्टी म्हणजे विटांची एक बुटकी खोली. लांबी-रुंदी खोलीची, पण उंची इतकीच की आत पडून राहावं किंवा फार तर कोपरावर उठावं. वर विटांचा चपटा घुमट, खाली लादी. लादीखाली वाळू, फुटक्या बाटल्यांची काच आणि जाडं मीठ घालतात. ऊन खाऊन बसलेलं मीठ लवकर थंड होत नाही, हे आम्हा मिठागराकडच्या लोकांना वेगळं सांगावं लागत नाही. एका कोपऱ्याला आगीचं तोंड, समोर पावाचं तोंड. लाकडं पेटवायची, ज्वाळा घुमटाला चाटत फिरू द्यायच्या, मग आग बंद करून सगळी दारं लावून भट्टीला दम द्यायचा. विटा आग पितात आणि नंतर सावकाश सोडतात. त्या सोडलेल्या आगीवर पाव होतो. चिमूटभर मैदा आत फेकायचा. लगेच काळा पडला तर थांबायचं, बदामी झाला तर पाव सारायचा.

आमचं खास काम होतं ते आग बदलण्याचं. आधी सगळ्या भट्ट्या लाकडावर. मग डिझेलचे बर्नर आले, मग गॅसचे, मग विजेच्या तारा. बेकरीवाल्याला ज्या वर्षी जे परवडेल ते तो मागायचा, आणि दोन वर्षांनी पुन्हा म्हणायचा, मिस्त्री, जुनंच बरं होतं. शेवटी माझ्या नवऱ्याने दोन तोंडांची भट्टी काढली. एका बाजूला लाकडाचं, दुसऱ्या बाजूला बर्नरचं, दोन्हींना लोखंडी झडपा. हे लावायचं तर ते बंद करायचं. ऐकायला सोपं आहे, करायला नाही. लाकडाची आग आळशी असते, सगळीकडे फिरून येते. बर्नरची आग दाभणासारखी एका जागी टोचते. तिच्यासमोर भोकांची आडभिंत घातली नाही तर घुमटाची वीट एका हंगामात तडकते. शिवाय लाकडाची आग विटेत मुरते, गॅसची चाटून निघून जाते. तिला लांबच्या वाटेने फिरवावं लागतं, लादीखालून वळणं घेत. ती वळणं आतून बांधायची आणि आतून बांधणारी मी.

नवऱ्याचं नाव धर्मा. सगळे मिस्त्री म्हणायचे, मीही मिस्त्रीच म्हणायचे. लग्न झालं तेव्हा ते स्वतः आत शिरायचे. पुढे अंगाने सुटले. एकदा तोंडात अडकले, बेकरीतल्या माणसांनी पाय धरून ओढून काढले. घरी येऊन माझ्याकडे वरून खाली बघितलं आणि म्हणाले, "तू मावशील."

सासूला कळलं तेव्हा ती म्हणाली, "बरा हाय. मेल्यावर आगीत जायची सवय हिला जितेपनीच लागंल."

मी म्हटलं, "तुमाला न्यायला मीच येईन मग. वाट म्हाईत आसंल."

त्यावर ती हसली. आमचं तेवढंच पटायचं.

आता या धंद्यातला एकच नियम सांगते, बाकी सगळं विसरलात तरी चालेल. आत माणूस असेल तर तोंडाशी माणूस बसलेला पाहिजे. त्याने उठायचं नाही. चहाला नाही, लघवीला नाही, मालक हाका मारत असला तरी नाही. मधून मधून थापीने लोखंडी चौकटीवर ठोकायचं, आतल्याने विटेवर ठोकून उत्तर द्यायचं. आणि बर्नरची चावी तोंडाशी बसलेल्याच्या खिशात. लाकडाच्या काळात आत कोणी आहे हे विसरून भट्टी पेटवायची तर लाकडं आणावी लागत, फुंकावं लागे, तेवढ्यात आतला ओरडून बाहेर यायचा. बर्नरला एक बोट पुरतं. भट्टी जितकी सोयीची झाली तितका तोंडाशी बसलेला माणूस जास्त लागायला लागला.

रोह्याच्या बाजूला एका बेकरीत आम्ही नवा बर्नर बसवला होता. मी आत आडभिंतीची भोकं पुसत होते. मालकाचा मेहुणा मुंबईहून पाहुणे घेऊन आला. नवीन मशीन दाखवतो म्हणाला आणि बटण दाबलं. काही झालं नाही. पुन्हा दाबलं. मग वीजवाल्यांना शिव्या द्यायला लागला. मला आत फक्त टक, टक असा बटणाचा आवाज आला. समोर बर्नरची नळी होती, गोल, काळी. तिच्याकडे बघत मी पडून राहिले.

मिस्त्री जागचे हलले नाहीत. इतकंच म्हणाले, "पावनं, चावी माज्याकडं हाय. आत माजी बायको हाय."

मग थापीने चौकटीवर ठोकलं. मी विटेवर ठोकलं. पाहुण्यांच्या चपलांचा आवाज लांब गेला. घरी आल्यावर मिस्त्रींनी ताटाला हात लावला नाही, एवढंच.

मिस्त्री घरी बोलतच नसत. जेवण झालं की ओटीवर बसायचे आणि वाटेकडे बघायचे. पण भट्टीच्या तोंडाशी बसले की त्यांना वाचा फुटायची. माझं तोंड दिसत नसे, म्हणून असेल. मी आत अंधारात लादी बसवत असायचे आणि बाहेरून त्यांचा आवाज यायचा. लहानपणी खाडीत बुडता बुडता कसे वाचले. बापाने कसं मारलं. आमची पहिली मुलगी गेली तेव्हा हा माणूस दोन दिवस कुठे गेला होता, हे मला घरी कधी कळलं नाही. भट्टीत कळलं. रेवसच्या धक्क्यावर बसले होते. भाऊच्या धक्क्याची लाँच येताना बघायची, जाताना बघायची, दोन दिवस. मी विटेवर ठोकलं फक्त. आमचा निम्मा संसार भट्टीच्या तोंडातून झाला.

मिस्त्री गेले त्याला आता बरीच वर्षं झाली. छातीत कळ आली आणि संपलं. त्यानंतर भट्ट्याही गेल्या. एक पाडून गाळा काढला, एकीच्या जागी तयार स्टीलचा ओव्हन आला, एकीवर रस्ता गेला. किहीमला एका बंगलेवाल्याने पिझ्झ्याची भट्टी करून घेतली. त्याला ती जुनी दिसायला हवी होती. मी म्हटलं, पेटवत राहा, होईल जुनी. त्याला धीर नव्हता. मग मी कंदिलाची काजळी हाताने फासून दिली. मध्ये त्या वाटेने गेले तेव्हा बघितलं, भट्टीत फुलझाडांच्या कुंड्या ठेवल्यात. एकदाही पेटवलेली नाही. माझ्या हातची एवढीच एक भट्टी जिच्या विटेला आग माहीत नाही, आणि सगळ्यात काळी तीच.

राहिली होती ती हमीदभाईंची. काशीदच्या पुढे, मुरूडच्या वाटेवर एका गावात. आम्ही दोघांनी मिळून बांधलेली ती पहिली भट्टी आणि पुढे दोन तोंडंही तिलाच पहिल्यांदा केली. मोठं वादळ झालं त्या साली किनाऱ्यावरची वीज कितीतरी दिवस नव्हती. विजेवरच्या बेकऱ्या गप्प पडल्या. हमीदभाईंनी पडलेल्या सुरूच्या फांद्या वाळवून लाकडाच्या तोंडात घातल्या आणि पाच गावांना पाव दिला. त्यानंतर डिझेलचा बर्नर बिघडला तो त्यांनी दुरुस्तच केला नाही, लाकडावरच चालवत राहिले.

आता आजूबाजूला रिसॉर्ट झालेत. पाहुण्यांच्या डोळ्यांत धूर जातो अशी तक्रार झाली. ग्रामपंचायतीने सांगितलं, धूर बंद करा नाहीतर भट्टी बंद करा. हमीदभाई स्वतः एसटीने माझ्याकडे आले. गुडघे धरून ओटीवर बसले.

"भाभी, पोरं बोलत्यात भट्टी पाडा. तिथं खोल्या काढू, टुरिस्ट ठेवू. मी बोललो, गॅसवर करून बगू. पाव तसाच आला तर भट्टी ऱ्हाईल. नाय आला तर पोरांचा खरा."

"आत कोन जायचा?" मी विचारलं.

"तेच विचाराला आलोय."

माझं वय मी इथे लिहीत नाही. पण अजून मावते. मावण्याला वय नसतं, जेवण कमी लागतं.

प्रश्न तोंडाशी कोण बसणार हा होता. मुलाला फोन केला. तो नवी मुंबईत नोकरीला असतो. त्याचा आवाज हल्ली फार बारीक झालाय, मला सारखं "मोठ्याने बोल" म्हणावं लागतं. तो म्हणाला, "आई, रजा नाही मिळणार. तू व्हिडिओ कॉल लाव ना, मी बघत राहीन."

"इटांच्या आत रेंज येते का रं?"

"मग जाऊच नकोस ना. कोणी सांगितलंय?"

कोणी सांगितलं नव्हतं, हे खरंच होतं. मी फोन ठेवला आणि थापी घासायला घेतली.

बाहेरचं बांधकाम गावातल्या गवंड्याने केलं. चांगला कामसू माणूस. आत जायचं म्हटल्यावर म्हणाला, "मावशी, आत जीव घाबरतो." खोटं बोलला नाही, घाबरतोच. बर्नर बसवायला पनवेलचा माणूस आला. त्याने मला एक गोष्ट शिकवली, आग लावण्याआधी नुसती हवा सोडून आत साठलेला गॅस बाहेर काढायचा. आम्ही मुळात डिझेलवाले, गॅसची कामं केली तरी हे आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं. बर्नर आधी बसवावा लागतो, आतली आडभिंत नळीच्या नेमकी समोर यावी म्हणून. तो जोडून, चावी हमीदभाईंच्या हातात देऊन गेला.

हमीदभाई म्हणाले, "मी बसतो तोंडाशी. दुसरा हाय कोन?"

त्यांचा मोठा मुलगा आखातातून सुट्टीवर आला होता. वाईट नव्हता, घाईचा होता. दर घटकेला येऊन विचारायचा, "झाला का? चालू करून बगायचा का?"

मी आत गेले. खूप वर्षांनी गेले. जुन्या राखेचा वास तसाच होता. लादी उचकटली, खालचं मीठ दगडासारखं झालं होतं, ते फोडलं, वळणं आखली, पहिली ओळ लावली. मग सवयीने विटेवर ठोकलं.

उत्तर नाही.

पुन्हा ठोकलं. हाक मारली, "हमीदभाई!" भट्टीत हाक मारली की ती आपल्याच अंगावर येते. बाहेरून काही नाही. वाटलं, गेला म्हातारा. गुडघे दुखले असतील, नमाजाची वेळ झाली असेल. चावी कुठे ठेवून गेला? आणि मुलगा कुठे आहे? समोर नळीचं गोल भोक होतं. रोह्याला तसंच होतं, पण तेव्हा बाहेर मिस्त्री होते. मी घाबरले की नाही हे लिहीत बसत नाही. कालवलेला माल तिथेच टाकला आणि सरपटत मागे निघाले. पाय तोंडाबाहेर काढले तोच कोणीतरी माझा घोटा गच्च पकडला.

"काय झाला, भाभी?"

हमीदभाईच होते. गोणपाट अंथरून तोंडासमोर बसलेले, एका मुठीत चावी. मूठ इतकी आवळलेली की चावीचे दात तळव्यात उमटले होते. नमाजही त्यांनी तिथेच, बसल्या जागी पढला होता.

मी खाली उतरून म्हटलं, "मेल्यासारखं गप काय बसलाव? मी ठोकतेय, हाका मारतेय!"

"आँ?"

"हाका मारतेय!" मी ओरडले.

"मला कुठला ऐकाला जातंय," ते म्हणाले. "बर्नरच्या आवाजात कान गेले सगळे. पन मी तर बोलत होतो. मगापासून बोलतोय, तुमाला एकटा वाटाला नको म्हनून. मीच म्हनत होतो, भाभी जबाब कशी देत नाय? रागावली का?"

ते बोलत होते आणि मी ऐकलं नव्हतं. एक शब्दसुद्धा. माझ्या कानांना काही झालेलं नाही असं मी समजत होते. मुलाचा आवाज बारीक झालाय, शेजारणी पुटपुटतात, हल्लीच्या माणसांना स्पष्ट बोलायला नको, असं. ज्या बर्नरने त्यांचे कान घेतले तो आमच्याही डोक्याशी रोज गरजत होताच की.

मुलगा दारात उभा राहून सगळं बघत होता. म्हणाला, "अब्बा, ह्यांना जायला सांगा. काय झाला तर आपल्या गळ्यात येईल. भट्टी पाडूया."

हमीदभाईंनी त्याच्याकडे बघितलं नाही. मला विचारलं, "किती काम ऱ्हायला?"

"आजचा न उद्याचा."

खाडीवर गरी टाकून बसायचा त्यांना नाद. मासा मिळो न मिळो, तासन् तास बसतात. एकदम म्हणाले, "गरीला मासा लागला तर बोटाला समजतंय. तिथं कान लागतंच नाय." आणि मुलाकडून मैद्याच्या पोत्यांची सुतळी मागवली. एक टोक माझ्या घोट्याला, दुसरं त्यांच्या बोटाला.

"आता तुमी मासा," ते म्हणाले.

"मासा म्हातारा हाय. वढून काय मिलाचा न्हाय."

मी परत आत गेले. माल घट्ट झाला होता, नवा कालवून घेतला. थोड्या वेळाने घोट्याला ओढ लागली. मी पाय हलवला. मग काही वेळाने पुन्हा. तो दिवस आणि दुसरा दिवस असं चाललं. लादीखालची वळणं झाली, आडभिंत झाली, लादी परत बसली. शेवटी पुसायचं तेवढं राहिलं होतं. ते झाल्यावरही मी थोडी पडून राहिले. बाहेर माणूस बोलत असेल आणि मला ऐकू येत नसेल, तर तो काय बोलत असेल, असं डोक्यात आलं. मग मी कारण नसताना पाय ओढला. लगेच उलट ओढ आली. इतकी लगेच, की तो माणूस सुतळीकडेच बघत बसला असणार.

मी बाहेर आले. त्या भट्टीत आता पुन्हा कोणाला जायचं कारण नाही. विटा मला पुरून उरतील.

पनवेलचा माणूस पुन्हा येऊन गॅस पेटवून देऊन गेला. पहिली खेप फसली, पाव वरून लाल आणि बुडाला पांढरा. मुलगा फोन काढून बाजूला गेला. मी लादीखालच्या वाटेची झडप आणखी उघडली, घुमटाकडची थोडी ओढली आणि भट्टीला दुप्पट दम दिला. दुसऱ्या खेपेला हमीदभाईंनी पावाची लादी उलटी करून बोटाने वाजवली. आवाज मला आला नाही, त्यांनाही आला नसेल. पण बूड बदामी होतं.

आमच्यात पहिला पाव तोंडाशी बसलेल्याने मोडायचा असतो. त्यांनी मोडला, अर्धा मला दिला, अर्धा स्वतः खाल्ला. मुलाने न विचारता एक उचलला. उभ्या उभ्या खाल्ला, मग आणखी एक. मग भावांना फोन लावला. काय बोलला ते मला ऐकू आलं नाही. हमीदभाईंनी त्याच्या तोंडाकडे बघून मला हाताने खूण केली, भट्टी राहिली. लाकडाचं तोंडही मी बुजवलेलं नाही, फक्त झडप लावली आहे. पुढचं वादळ येईल तेव्हा लागेल.

माझा मुलगा नंतर कानाचं मशीन घेऊन आला होता. लावून बघितलं. पंखा ऐकू येतो, नळ ऐकू येतो, घड्याळ ऐकू येतं. घरात ऐकण्यासारखं तेवढंच आहे, म्हणून काढून ठेवलं.

सुतळी मी हमीदभाईंकडून मागून आणली. चांगली चिवट आहे. परसात पेरूपासून खांबापर्यंत ताणून बांधली, कपडे वाळत घालायला. एकटीचे कपडे अर्ध्या सुतळीत होतात.